चौबगला

साचापीर स्ट्रीटच्या आमच्या दुकानात
मी फक्त काजं करते.
कापणं गफूर मास्तरांचं, मशीन बाळूचं.
माझ्याकडे येतो तो जवळजवळ झालेला माणूस,
नुसता बंद व्हायचा राहिलेला.

नाईक भोइटे घोरपडीहून सायकलवर आले.
कॅरियरला पेपरात गुंडाळलेला पलटणीचा कोट,
बाटलीसारखा हिरवा,
डांबरगोळ्यांचा वास आधी आत आला, मग ते.
"अस्साच शिवा," म्हणाले. "पण सिव्हिल.
लग्नात वाजवायचंय, कोरेगाव पार्कला."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला.
"अस्साच आणि सिव्हिल
एका कापडात बसत नाही, नाईकसाहेब."

आणि कोट टेबलावर उताणा टाकून
खडूनं दाखवत गेले:
खांद्यावरचे हे पंख जाणार.
ही वेणीची दोरी, हे गोंडे, जाणार.
कॉलर गळ्याशी उभी आहे,
हुक लावला की हनुवटी खाली येत नाही,
ती आडवी पाडू, मध्ये टाय सोडू.
कमरेखालच्या या झडपा... लग्नात पोरं ओढतील.
बटणं साधी. पलटणीचं चिन्ह असलेली नकोत,
बँडवाल्यानं फोनवर बजावलंय.
पुढून वर कापलेला राहू दे तेवढा,
घागऱ्यावरची ती केसाळ थैली दिसायला हवी ना.

"घागरा नाही. किल्ट."
तेवढ्या एकदाच त्यांचा आवाज चढला.
बाळूनं मशीन थांबवलं.

माप घेताना मात्र हसले.
"फौजेत कोट आधी असायचा, आम्ही नंतर.
स्टोअरमधून मिळाला की महिन्याभरात
आपण त्याच्या मापाचे."
मास्तरांनी टेप पोटावरून फिरवली.
"श्वास सोडा."
सोडला नाही.
"सोडा हो. सिव्हिल आहे."
बेचाळीस.

ट्रायलला काळ्या कोटात उभे राहिले
तेव्हा कुणातरी मुलीच्या मामांसारखे दिसले,
जेवणाच्या पंगतीवर लक्ष ठेवणारे.
आरशाला ते पटलं होतं, त्यांनाही जवळजवळ.
मग सवयीनं त्यांनी डावं कोपर बरगडीशी दाबलं,
जिथे पिशवी नव्हती तिथे,
आणि बोटं हवेत एकेक उघडली.

टर्र.

कुणी काही बोललं नाही.
मास्तरांनी हिरवा कोट उलटा केला,
अस्तर बाहेर, बाही बाहेर.
डाव्या बगलेत शंकरपाळ्याएवढा एक तुकडा,
कुठल्या डेपोतल्या कुठल्या शिंप्यानं घातलेला,
घामानं कडक झालेला.
उजव्या बगलेत नाही.

"चौबगला," मास्तर म्हणाले,
"माझा आजा अंगरख्याला घालायचा.
आणि मी गाढव दोन्ही हात सारखे धरले."

काळ्याचं चिंधुक उरलं होतं की खाली.
तरी त्यांनी नाईकांकडे पाहिलं, नाईकांनी मान हलवली,
आणि हिरव्याच्या शिवणीतला दाब उसवून
तेवढा तुकडा त्यांनी काढला.
हात वर केला तरच दिसेल.
पाइपर हात वर करत नाही.

बिलात तो लिहिला नाही.
नाईकांनी तरी पन्नास रुपये कमी करायला लावलेच.

पुढच्या मंगळवारी त्यांचा नातू आला,
कोट हँगरवर, चेहरा आजोबांसारखा ताठ.
मुंढव्याच्या लग्नात
उजव्या मनगटावरचं मधलं बटण पडलं,
वरातीत कुणाच्या तरी पायाखाली गेलं,
आजोबांनी विचारलंय, हे असं कसं?

चूक माझी होती.
नायलॉनचा दोरा वापरला होता, चकाकतो म्हणून.
मेण लावलेल्या सुती दोऱ्यानं
तीनही बटणं पुन्हा लावून दिली.
त्याआधी, कुणाचं लक्ष नाही बघून,
डाव्या बगलेत दोन बोटं घालून पाहिली.
ओली होती.